मागील सभेचे इतिवृत्त

एका जंगलात सिंह होता, गवा होता, ससा होता आणि वार्षिक सर्वसाधारण सभा होती.

हसू नका, मुलांनो. सिंह नसलेलं जंगल असू शकतं. सभा नसलेलं जंगल मी अजून पाहिलेलं नाही. मी स्वतः बावीस वर्षं अशा सभांना जातो आहे आणि तिथं काय काय ठरलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण चहा बरा असतो.

तर ही सभा दर उन्हाळ्यात तळ्याच्या काठी भरायची. सिंहाचं नाव गर्जेराव. तो अध्यक्ष होता, कारण तो सिंह होता. गव्याचं नाव शिंगोजी. तो विरोधी पक्ष होता, कारण वजनानं तो सिंहाच्या चौपट भरायचा आणि ही गोष्ट कोणी मनावर घेत नव्हतं. सचिव म्हणून एक साळिंदर होतं. त्याला सगळे काटेकर म्हणायचे. लिहायची वेळ आली की काटेकर पाठीवरचा एक काटा उपटायचे आणि लिहायला बसायचे. शिवाय एक ससा होता. त्याचं काम एकच. कोणी काही मांडलं की तो म्हणायचा, "अनुमोदन." कधी कधी मांडायच्या आधीच म्हणायचा. म्हणून तर तो इतकी वर्षं सिंहाच्या शेजारी बसून जिवंत होता.

विषयपत्रिका ठरलेली. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक दोन, पहिल्या पाण्याचा मान. विषय क्रमांक तीन, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. तिसरा विषय आजवर कधी आला नव्हता, कारण अध्यक्षांनी कधी परवानगी दिली नव्हती.

इतिवृत्त म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसेल. गेल्या वेळी कोण काय बोललं, याची ती नोंद. ती वाचायची आणि सगळ्यांनी "कायम" म्हणायचं. मग जे झालं होतं ते खरंच झालं होतं, असं ठरतं. तोवर ते झालेलं नसतं. मोठ्यांच्या जगात असंच असतं, तुम्ही वाद घालू नका.

आता पहिलं पाणी. उन्हाळ्यात तळं आटून अंगणाएवढं व्हायचं. त्यात पहिलं पाऊल कोणी टाकायचं, हा मान. मानकऱ्यानं चारही पाय पाण्यात घालायचे, तीनदा गोल फिरायचं, एक आरोळी द्यायची आणि एक घोट प्यायचा. मग दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं. जंगलात मानाचे चाळीस प्राणी होते. चाळिसावा उतरायचा तेव्हा पाणी संपलेलं असायचं. तो चिखल चाटायचा आणि घरी जाऊन सांगायचा, "यंदाही आपला मान राखला हो."

दोन कोसांवर नदी होती. बारमाही. तिला पाण्याचा तोटा नव्हता. पण तिचा काठ लांबच लांब. तिथं सगळ्यांना एकदम पिता यायचं. कोण आधी आणि कोण नंतर, हे कळायचंच नाही. असल्या पाण्याला काय चव, असं जंगलाचं मत होतं.

आणि तळ्यात राहायची एक बेडकी. तिचं नाव टुणाबाई. मानाच्या यादीत ती चाळिसात नव्हती आणि एक्केचाळिसावीही नव्हती. "तुम्ही पाण्यातच राहता, तुम्हाला पाण्याचा मान कशाला?" असं काटेकरांनी तिला एकदा समजावून सांगितलं होतं.

टुणाबाई दर उन्हाळ्यात अंडी घालायची. त्यातून पोरं निघायची. बेडकाची पोरं तुम्ही पाहिली असतील. काळी, शेपटीवाली, बिनपायाची. पाय फुटेपर्यंत त्यांना पाण्याबाहेर येता येत नाही. आणि पाय फुटायच्या आत दर वर्षी सभा यायची. गेल्या वर्षी तिची तीनशे बारा पोरं होती. चाळीस मानकऱ्यांचे एकशे अठ्ठावन्न पाय त्या पाण्यातून फिरून गेले. अठ्ठावन्न अशासाठी, की मोराला दोनच असतात. संध्याकाळी टुणाबाई तळ्याच्या कडेकडेनं हिंडली. तिला एकही पोर सापडलं नाही.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. या गोष्टीत पुष्कळ गंमत आहे, पण ती या जागी नाही.

यंदा सभेच्या आदल्या दिवशी तिनं पोरांकडे नीट निरखून पाहिलं. अजून अकरा दिवस हवे होते. सभा उद्यावर आलेली. टुणाबाईला शिंगं नव्हती, नखं नव्हती आणि सुळेही नव्हते. पण काठावरच्या नऊ सभा तिनं पाण्यातून डोळे वर काढून ऐकल्या होत्या. ज्याला शिंगं नसतात त्याला नियम पाठ करावे लागतात.

सभा सुरू झाली.

"विषय क्रमांक एक," काटेकर म्हणाले. "मागील सभेचे..."

"अनुमोदन," ससा म्हणाला.

"कायम," सगळे म्हणाले. गर्जेरावानं पाण्याकडे जायला एक पाय उचललाही.

"हरकत आहे," टुणाबाई म्हणाली.

कोण बोललं ते शोधण्यात थोडा वेळ गेला. शेवटी शिंगोजीला ती एका दगडावर दिसली.

"अध्यक्ष महाराज," टुणाबाई म्हणाली, "गेल्या वर्षीचं इतिवृत्त कायम करायला माझी ना नाही. पण त्यात पहिलंच वाक्य आहे, की त्याआधीच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं. ते वाचलं होतं का?"

काटेकर खोटं बोलत नसत. त्यांचे काटे ताठ झाले. "नव्हतं वाचलं," ते म्हणाले. "माकडं कैऱ्या फेकत होती."

"मग जे वाचलंच नाही ते कायम कसं? आणि ते कच्चं राहिलं असेल तर त्याच्यावर बसवलेलं हे पक्कं कसं?"

"मुद्दा नियमाला धरून आहे," काटेकर हळूच म्हणाले.

"वाचलं असं समजा," गर्जेराव म्हणाला.

"अनुमोदन," ससा म्हणाला.

टुणाबाईनं आवाज साधाच ठेवला. "समजते, महाराज. मला काय. जुन्या कागदांत आपल्या पणजोबांचं नाव पहिला मानकरी म्हणून लागलंय का, तेवढं एकदा डोळ्यांनी बघावं असं वाटलं होतं."

"लागलंय म्हणजे काय? लागलेलंच असणार."

"नाही लागलेलं," शिंगोजी म्हणाला. "आमच्या पणजोबांचं लागलंय. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे."

"तुझ्या घरात?"

"आमच्या घरात."

"काढा जुनं दफ्तर," गर्जेराव म्हणाला, आणि उचललेला पाय त्यानं जमिनीवर ठेवला.

जंगलाचं दफ्तर तळ्यामागच्या कड्यात होतं. वरच्या थरात ताजी इतिवृत्तं, खालच्या थरांत जुनी. जितकं खाली जाल तितकं मागं. लिपी निरनिराळी होती. कुठं पायाचा ठसा, कुठं शिंपला, कुठं हाडाचा तुकडा. काटेकरांना सगळं वाचता यायचं. सचिवाला काहीही वाचता येतं. खणायचं काम खवल्या मांजराकडे होतं. त्याला नुसतं खवल्या म्हणत. तो अंगाची गुंडाळी करून झोपलेला असायचा. त्याला उठवलं आणि तो खणू लागला.

तर मुलांनो, अशी ती सभा मागं मागं निघाली. आणि विषय क्रमांक एक संपल्याशिवाय तळ्याला कोणी तोंड लावायचं नाही, ही प्रथा.

मग सगळे अकरा दिवस प्यायले काय? चांगला प्रश्न आहे. पहाटे जो तो फिरायला जाऊ लागला. तब्येतीसाठी. गर्जेराव जायचा, शिंगोजी जायचा, ससाही जायचा. नदीवर सगळे एकमेकांना भेटायचे आणि कोणी कोणाला ओळख द्यायचं नाही. मग ओल्या मिशा पुसून सभेला हजर व्हायचे.

दुसऱ्या दिवशी पणजोबांपर्यंत पोचले. नोंद होती, पण ओळीवर हत्तीचा पाय पडला होता. नाव वाचता येईना. गर्जेराव म्हणाला, "आणखी मागं जा." शिंगोजी म्हणाला, "जाच." इतक्या वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं हे पहिलंच.

चौथ्या दिवशी एका थरात सिंह संपले. गवेही संपले. काटेकरांनी काटा कानामागं खोचला आणि घसा साफ केला.

"उपस्थितांत सिंह नाहीत," ते म्हणाले. "सिंहांच्या वतीने एक चिचुंद्री हजर आहे."

सगळ्यांचे डोळे गर्जेरावाकडे वळले.

"कोण हजर आहे?" गर्जेरावानं विचारलं.

"चिचुंद्रीसारखा एक जीव, महाराज. बिळात राहणारा. सही नाही, शेपटीचा अंगठा आहे."

शिंगोजी इतका हसला की त्याला खोकला लागला. मग काटेकर म्हणाले, "गव्यांच्या वतीनेही तीच हजर आहे." खोकला थांबला.

"लिहिणाऱ्याची चूक," गर्जेराव म्हणाला.

"उघड आहे," शिंगोजी म्हणाला.

"आपलं घराणं मधल्या काळात थोडं उतरलं असेल. होतं असं. त्याआधी आपण मोठेच असणार. खवल्या, खण."

बघा, यातच सगळी मेख होती. मोठेपण सापडेपर्यंत मागं जायचं, असं दोघांनी ठरवलं. आणि दर थराला दोघं आणखी लहान होत गेले. टुणाबाईला आता काहीच बोलावं लागत नव्हतं. ती दगडावर बसून राहायची आणि दर घटकेला वळून पाण्याकडे बघायची. पोरांच्या शेपटीजवळ दोन बारीक ठिपके आले होते.

त्याच थरात महाकाय सरड्यांच्या सभेचं शेवटचं इतिवृत्त निघालं. त्यांचा शेवटचा ठराव असा होता: "आकाशातून काहीतरी मोठे येत असल्याचे सन्माननीय सदस्यांनी निदर्शनास आणले. पुढील सभेत विचार करण्याचे ठरले."

"पुढील सभा?" ससा म्हणाला. सवयीनं त्याच्या तोंडून अनुमोदन जवळजवळ सुटलंच होतं.

"झाली नाही," काटेकर म्हणाले.

त्या काळाचा साक्षीदार म्हणून पाचव्या दिवशी नदीवरून मगरीला बोलावलं. तिचं घराणं फार जुनं. ती आली, धापा टाकत बसली आणि तळ्याकडे बघून म्हणाली, "एवढ्याशा डबक्यासाठी बसलाय होय? नदीला पाणी आहे की. रोज पहाटे येता तसं आत्ताही या."

कोणी कोणाकडे बघेना.

"तुमच्याकडे पहिला कोण पितो?" गर्जेरावानं कडक आवाजात विचारलं.

"ज्याला तहान लागेल तो."

बाई फारच अडाणी आहे, असं सभेचं मत पडलं. काटेकरांनी तिची साक्ष नोंदवली, पण पहाटेचा उल्लेख गाळला. ते खोटं बोलत नसत. गाळत असत.

सहाव्या दिवशी माशांचा थर लागला. त्यात एक चपटा दगड होता आणि दगडावर एका माशाचा ठसा होता. त्या माशाला पोटाशी पायांसारखी चार बोटकं फुटलेली होती. ठराव होता, "पाणी सोडून वर जाऊन पाहावे." तो एका मतानं मंजूर झाला होता. खाली विरोधकांची टीप होती, "पस्तावाल."

गर्जेराव म्हणाला, "हा आमचा कोणी लागत नाही." शिंगोजी म्हणाला, "आमचाही नाही."

टुणाबाई मात्र दगडावरून उतरली आणि त्या ठशाजवळ जाऊन बसली. केव्हातरी कोणाच्या तरी पोराला पहिल्यांदा पाय फुटत होते. आणि तेवढा वेळ त्याच्या डबक्यात कोणी उतरलं नव्हतं. कोणी मुद्दाम थांबलं असेल, किंवा नुसतं विसरलं असेल. पण त्या पोराला वेळ मिळाला होता. म्हणून तर ही सगळी सभा इथं पायांवर उभी होती. टुणाबाईला रडू आलं. बेडकीचं रडणं कोणाला दिसत नाही, तिचं अंग आधीच ओलं असतं.

आठव्या दिवशी गोष्ट हातची गेली.

थर संपत आले होते. किडे गेले, गांडुळं गेली, शेवाळ गेलं. काटेकरांनी एक गुळगुळीत दगड पुसला आणि वाचलं. "उपस्थिती, एक. सदर सदस्य डोळ्यांना न दिसण्याइतका लहान आहे. त्याने सूचना मांडली, की एकटे राहण्यात अर्थ नाही. सूचनेस अनुमोदक मिळाला नाही. सबब सदस्य मधोमध दुभंगला व उरलेल्या अर्ध्याने अनुमोदन दिले. ठराव एकमताने मंजूर."

सशाचे डोळे पाणावले. आपलं घराणं इतकं जुनं असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

पण गर्जेराव उठून उभा राहिला. "म्हणजे आम्ही डोळ्यांना न दिसणारे होतो?"

"सगळेच, महाराज."

"पुरे झालं हे. बंद करा. मागचं सगळं कायम. विषय क्रमांक दोन."

"अनुमोदन," ससा म्हणाला.

गर्जेराव तळ्याकडे चालू लागला. शिंगोजी त्याच्या बरोबरीनं. मागून बाकीचे अडतीस. टुणाबाई टुणटुण उड्या मारत त्यांच्या पुढं गेली आणि वाटेत आडवी बसली. पोरांचे मागचे पाय फुटले होते. पुढचे राहिले होते. तीन दिवस हवे होते, आणि तिच्याकडे आता एकही नियम शिल्लक नव्हता. म्हणून तिनं खरं सांगितलं.

"महाराज, त्या पाण्यात माझी पोरं आहेत. तीन दिवस थांबा. मग काय तो मान घ्या. मी पाया पडते."

गर्जेराव थांबला. तो काही दुष्ट नव्हता. गोष्टीतले सिंह असतात तसाही नव्हता. तो अध्यक्ष होता.

"आम्हाला वाईट वाटतं, बाई," तो म्हणाला. "खरंच वाईट वाटतं. काटेकर, हा विषय पत्रिकेवर आहे का?"

"नाही, महाराज. ऐनवेळचा आहे. विषय क्रमांक तीनमध्ये घेता येईल."

"घेऊ की," गर्जेराव मोठ्या मनानं म्हणाला. "यंदा मी परवानगी देतो. दोन झाला की लगेच तुझा तीन घेऊ."

सगळ्यांना बरं वाटलं. मोरानं तर अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. आणि गर्जेरावानं टुणाबाईला ओलांडून पाण्याच्या कडेला पाय नेला.

तेवढ्यात कड्यातून आवाज आला. खवल्याला खणणं थांबवायला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला कोणी काही सांगतच नसे. "अहो," तो खोल खड्ड्यातून ओरडला, "खाली काहीतरी चमकतंय."

गर्जेरावाचा पाय हवेतच राहिला. "चमकतंय?"

"डोळे दिपतात नुसते."

"चमकतंय म्हणजे ते आमचंच असणार," गर्जेराव म्हणाला आणि मागं फिरला. शिंगोजी त्याच्या आधी पोचावं म्हणून पळत सुटला. बाकीचे अडतीस त्यांच्यामागं. टुणाबाई तिथंच बसून राहिली. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की तिला उडी मारता येईना.

खाली एक तारा होता. म्हणजे ताऱ्याचं इतिवृत्त होतं. पृथ्वी संपली होती, तिचा लाल गोळा झाला होता, गोळ्याची धूळ झाली होती आणि ती सगळी धूळ मागं मागं जाऊन एका ताऱ्यात शिरली होती. काटेकरांना वाचायला पुरा एक दिवस लागला.

"तर शेवटी आम्ही तारा होतो," गर्जेराव म्हणाला. त्याची आयाळ पुन्हा फुलली. "मी म्हणत होतोच."

"होय, महाराज. आपल्या रक्तात जे लोखंड आहे ते या ताऱ्यातलं. हजेरी आहे."

"एकच सही दिसते."

"होय. आपली, शिंगोजींची, सशाची, खवल्याची आणि टुणाबाईंची मिळून ती एकच सही आहे."

गर्जेरावानं बराच वेळ त्या सहीकडे बघितलं. "सिंहांचा भाग जरा वरचा असेल," तो म्हणाला.

"तारा गोल असतो, महाराज."

"मग आणखी मागं जा. आधी आमची वेगळी सोय असेल."

दहाव्या दिवशी वेगळी सोय शोधत सभा आणखी मागं गेली. तारे विझले. म्हणजे पेटायचे होते ते अजून पेटलेच नव्हते. सगळं आकाश आकसत आलं. जंगल, नदी, कडा, सिंह, त्याचा मान, चंद्र, सूर्य आणि उरलेलं सगळं मिळून आंब्याच्या कोयीएवढं झालं. त्या कोयीत भयंकर उकडत होतं. आणि इतकी दाटी होती की पुढं कोण बसलं आणि मागं कोण बसलं, ते सांगता येत नव्हतं. त्या एका सभेत रुसवे-फुगवे झाल्याची नोंद नाही.

"हे आम्हाला चालणार नाही," गर्जेराव म्हणाला. "आणखी मागं."

"आता एकच उरलंय," काटेकर म्हणाले. त्यांच्या पाठीवर काटेही थोडेच उरले होते.

अकराव्या दिवशी सगळे खड्ड्याच्या कडेला जमले. खाली आता काहीच नव्हतं. पण त्या काहीच नसण्यावर बारीक अक्षरांत एक इतिवृत्त लिहिलेलं होतं. काटेकरांनी ते उभ्यानं वाचलं.

"पहिली सभा. स्थळ, अद्याप नाही. वेळ, अद्याप नाही. उपस्थिती, एक ठिपका. मागील सभेचे इतिवृत्त, मागील सभा नसल्याने वाचता आले नाही. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे. तहकूब सभा याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तीस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही."

मुलांनो, तुमच्या वडिलांच्या सोसायटीत हाच मजकूर दर वर्षी लिहितात. तो इतका जुना आहे, हे त्यांनाही माहीत नसेल.

"मग?" गर्जेरावानं विचारलं. "ती तहकूब सभा पुढं झाली का?"

काटेकर खाली बघत राहिले. मग त्यांनी वर बघितलं. कड्याकडे, झाडांकडे, आभाळाकडे. "महाराज," ते म्हणाले, "तीच चालू आहे."

सगळ्यांच्या माना वर गेल्या.

"तारे, मासे, सरडे, आपण," काटेकर म्हणाले. "सगळं त्याच सभेत. अजून विषय क्रमांक एकच चाललाय."

सशानं तोंड उघडलं आणि मिटलं. अनुमोदन कशाला द्यायचं, हे त्याला पहिल्यांदाच कळेना.

त्या क्षणी सगळे अगदी शहाणे होणार होते, असं मला वाटतं. गर्जेराव शिंगोजीकडे बघत होता, शिंगोजी खवल्याकडे, आणि सगळे एका सहीचे होते. पण शहाणपण फार वेळ टिकलं तर त्याचीही नोंद करावी लागते. आणि काटेकरांच्या पाठीवर एकच काटा उरला होता.

"हरकत नाही," गर्जेराव शेवटी म्हणाला. "ठिपक्यापासून गेल्या वर्षीपर्यंतचं सगळं कायम."

"अनुमोदन," ससा म्हणाला. त्याला फार हलकं वाटलं.

"कायम," सगळे म्हणाले. आणि विश्व झालं होतं, असं ठरलं.

"विषय क्रमांक दोन."

सगळे तळ्याकडे वळले. तळं नव्हतं. अकरा दिवसांच्या उन्हानं ते पिऊन टाकलं होतं. चिखलाला भेगा पडल्या होत्या. आणि त्या चिखलातून, मानकऱ्यांच्या पायांमधून, नखाएवढे तीनशे बेडूक उड्या मारत बाहेर पडत होते. काहींच्या शेपट्या अजून पुरत्या गळाल्या नव्हत्या. त्यांनी सिंहाला वाट विचारली नाही. त्यांना सिंह म्हणजे काय, ते ठाऊक नव्हतं.

गर्जेरावानं कोरड्या चिखलात चारही पाय घातले. तीनदा गोल फिरला. आरोळी दिली. मग मान खाली घालून नसलेल्या पाण्याचा एक घोट घेतला. टाळ्या झाल्या. मग शिंगोजी उतरला. मग बाकीचे क्रमानं. यंदाचं पाणी चाळिसाव्यालाही पहिल्याइतकंच मिळालं. अशी सुरळीत सभा जंगलात कधी झाली नव्हती. त्यानंतर सगळे एकेक करून फिरायला निघून गेले. तब्येतीसाठी.

विषय क्रमांक तीन राहून गेला.

टुणाबाई पोरांना घेऊन नदीच्या वाटेला लागली होती. तिनं त्यांना तीन-तीनदा मोजलं. मोजताना दर वेळी आकडा चुकत होता आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. इतकी खूश ती जन्मात कधी झाली नव्हती. अर्ध्या वाटेवर दोन पोरं भांडू लागली.

"चिखलातून पहिली उडी मी मारली," एक म्हणालं.

"मी मारली," दुसरं म्हणालं. "आई, पहिलं कोण होतं? आधीपासून सांग."

टुणाबाई थांबली. तिनं त्या दोघांकडे बघितलं. मग त्यांच्या ताज्या, ओल्या, बारीक पायांकडे बघितलं.

"चला मुकाट्यानं," ती म्हणाली. "पुढं पाणी आहे."

तात्पर्य: जे पूर्वजांचा मोठेपणा शोधत मागं निघाले आहेत, त्यांना कधीही अडवू नये. उलट आणखी मागं जायला मदत करावी. ते परत येईपर्यंत लहानांना पाय फुटतात.